ओलं, वाळलं आणि वास

एखाद्याच्या नाकाचा हेवा वाटला, ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नाही. पण मामांच्या बाबतीत माझी सुरुवात तिथूनच झाली, म्हणून तिथूनच सांगतो.

मामा आमच्या अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होते. पोरं त्यांना मामा म्हणत, प्राचार्य मामा म्हणत, कँटीनवाला मामा म्हणे. मी नोकरीला लागलो तेव्हा ते माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे होते, तरी मला पहिल्या दिवसापासून 'सर' म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवून शहराबाहेरचा कचरा डेपो दाखवायला नेलं. वाटेत एका घरासमोर धूर निघत होता. मामांनी वेग कमी केला, मान जराशी वर केली आणि म्हणाले, "दुधाच्या पिशव्या. खाली नारळाची शेंडी हाय."

मला वाटलं, नव्या माणसावर छाप पाडतायत. त्यांनी स्कूटर उभी केली, काडी घेतली आणि ढीग उकरला. वर वितळलेल्या पिशव्या, खाली शेंडी.

घरातून एक बाई बाहेर आल्या. "काय शोधून रायले भाऊ?"

"काही नाही बाई. जाळून काहून रायल्या, थे पाहून रायलो."

"मंग काय करू? घंटागाडी चार दिस नाही आली."

"जाळलं म्हंजे गेलं, असं वाटते तुमाले. गेलं कुठं? तुमच्या नाकात गेलं."

"तुमच्या बी गेलं ना मंग," बाई म्हणाल्या, "उकरले कोनी सांगतलं होतं?"

मामा खूश होऊन हसले. स्कूटर सुरू करताना मला म्हणाले, "ध्यानात ठेवा सर, धूर म्हंजे न जळलेला कचरा. ज्या भट्टीतून धूर दिसते, थिची फी वापस मागावी."

माझा प्रबंध नेमका याच विषयावर होता. शहरी कचरा खड्ड्यात पुरण्याऐवजी उष्णतेनं त्याची विल्हेवाट कशी लावता येईल, यावर पुण्यात बसून मी तीन वर्षं वाचलं होतं. भरपूर हवेत पूर्ण जाळणं, कमी हवेत अर्धवट जाळून गॅस काढणं, हवा बंद करून नुसतं तापवून कोळसा आणि तेल काढणं. प्रत्येकाचं तापमान, तोटे, राखेचं काय करायचं, धूर गाळायचा कसा, सगळं मला पाठ होतं. 'धूर म्हणजे न जळलेला कचरा' एवढंच सांगायला मी प्रबंधात दीड पान लिहिलं होतं. मामांनी ते स्कूटरच्या किकबरोबर सांगून टाकलं. मागे बसल्या बसल्या मला काय वाटलं ते मी तेव्हा नीट ओळखलं नाही. आता ओळखतो.

मामांची दुसरी खोड मुठीची. कसलाही कचरा दिसला की त्यातली एक मूठ उचलून पिळायचे. लोकांच्या दारातला, लग्नाच्या मांडवामागचा, संत्र्याच्या मंडीतला. पिळून किती पाणी निघतं ते बघायचे, मान हलवायचे आणि खिशातल्या चपट्या डबीतून लाल साबणाचा तुकडा काढून हात धुवायला नळ शोधायचे. हातमोजे देऊन पाहिले. "मोज्याले पाणी समजत नाही," म्हणाले. शाळेत शिकलेली गोष्ट वारंवार म्हणून दाखवणाऱ्या मुलासारखं ते प्रत्येक वेळी म्हणायचे, "पाणी पेटत नाही सर."

आणि ती वही. वही म्हणजे कॉलेजच्या भांडारातलं लांबोडकं, कापडी पाठीचं रजिस्टर. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मामा डेपोवर जायचे. सकाळच्या पहिल्या घंटागाडीतून एक बादली कचरा आणायचे, तोलायचे, ओव्हनमध्ये ठेवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलायचे. वहीत तीन रकाने. ओलं, वाळलं आणि वास. पहिले दोन आकड्यांचे. तिसऱ्यात ते जे लिहायचे ते कुठल्याही पुस्तकात बसणारं नव्हतं. 'संत्रा, आंबूस.' 'दिवाळीचा चुना, रंग.' 'लगनाची बुंदी.' एकदा नुसतं, 'पाऊस.'

हे त्यांना कुणी करायला सांगितलं, म्हणून मी चौकशी केली. फार वर्षांपूर्वी एका विभागप्रमुखांनी कुठल्याशा प्रकल्पासाठी सांगितलं होतं. प्रकल्प संपला, ते साहेब बदलून गेले, मामांचं चालूच.

"पण मामा, प्रकल्प तर बंद झाला."

"सायबानं करा मनलं होतं. बंद करा मनलं नाही कोनी."

मी हसलो, आणि स्टाफरूममध्ये तो किस्सा रंगवून सांगितला. सगळे हसले. बारा वर्षांच्या बारा महिन्यांच्या अशा नोंदी आख्ख्या वऱ्हाडात दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या, हे मला हसतानाही माहीत होतं.

पोरं माझ्या केबिनमध्ये येत नसत. दार उघडं असे, पुस्तकं रचलेली असत, खुर्ची समोर ठेवलेली असे. ती मामांच्या टेबलाभोवती असत. माझं शिकवणं वाईट नव्हतं. वर्गात शांतता असे, पोरं लिहून घेत. पण वर्षातून एकदा मामा कॉलेजच्या मागच्या मोकळ्या जागेत रोडगे लावायचे आणि त्या एका दिवसात माझं आख्खं सत्र पुसून जायचं. गोवऱ्यांचा हार म्हणजे गोल ढीग रचायचा, तो पेटून निखारा झाला की कणकेचे गोळे त्यात पुरायचे, वर गरम राख ओढायची. वांग्याची भाजी एकीकडे शिजत असायची. आणि मामा हातात काडी घेऊन शिकवायचे.

"हा रोडगा तू इस्तवात उघडा टाकला, तं काय होईन?"

"जळन मामा."

"जळन. राख होईन. हे झालं सरायचं पहिलं परकरन. आता राखेखाली दाबला, हवा नाही भेटली, तं?"

"भाजन."

"भाजन. आन् तिथंच इसरून गेला तं?"

"कोळसा!"

"हे झालं तिसरं. आन् कणीक पातळ भिजवली असन तं?"

पोरं निखाऱ्यांकडे पाहू लागली.

"तं इस्तो इझन, बावाहो. आदी पाणी, मंग बाकीचं."

मी बाजूला उभा राहून पत्रावळीवर जेवत होतो. रोडगा तुपात कुस्करताना मला वाटलं, या माणसाला हे सुचलं तेव्हा मी कुठल्या ग्रंथालयात बसलो होतो? घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, "काय म्हणत होते मामा आज?" रोडगे कसे झाले ते नव्हे, मी काय बोललो ते तर नव्हेच.

इथं एक गोष्ट मी न्यायानं सांगितली पाहिजे. मामांना माझ्याकडून एकच गोष्ट हवी असायची. दुपारी प्रयोगशाळा रिकामी झाली की ते स्टूल घेऊन यायचे आणि म्हणायचे, "सर, वाचा काही." मी इंग्रजी पुस्तकातलं एखादं पान घेऊन मराठीत सांगायचो. ते डोळे मिटून ऐकायचे. एखाद्या थंड देशातल्या भट्टीचं वर्णन असायचं, तिथल्या कचऱ्यात कागद किती, प्लास्टिक किती. संपल्यावर ते डोळे उघडून म्हणायचे, "खोटं नाही. पन आपल्याकळचं नाही." मग थोडं थांबून, "अजून वाचा." मला तेव्हा वाटे, ते माझी परीक्षा घेतायत.

मी नोकरीत पक्का व्हायचा होतो, परिविक्षा चालू होती, तेव्हाची गोष्ट. महापालिकेनं कॉलेजला विचारलं, की डेपो भरत आलाय, नवी जागा घेऊन पुन्हा पुरत राहायचं की कचरा जाळून वीज करणारा कारखाना उभारायचा, याचा अहवाल द्या. विभागप्रमुखांनी काम माझ्याकडे दिलं. आयुष्यात प्रथमच मी वाचलेलं कुठेतरी उभं राहणार होतं. नोकरीत पक्कं करण्याची टिपणीही त्या अहवालावरच अवलंबून होती, हे मला स्पष्ट सांगण्यात आलं होतं.

मे महिना होता. मामा पुतणीच्या लग्नासाठी पातूरजवळच्या त्यांच्या गावी गेले होते. मला ते बरंच वाटलं. मी स्वतः डेपोवर गेलो, पुस्तकात दिलेल्या पद्धतीनं ढिगाचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन घेतले, पुन्हा चार केले, हातमोजे घालून पिशव्या भरल्या. उष्मांक काढला. आकडे सुंदर आले. कुठलंही जास्तीचं इंधन न घालता कचरा स्वतःहून जळत राहील, असे.

मामा परत आले. टेबलावरच्या पिशवीत हात घालून त्यांनी मूठ आवळली. कचरा कुरकुर वाजला.

"सर, हे कुठून आणलं?"

"डेपोवरून."

"हा कचरा नाही सर. हे वाळवन हाय. पापड-कुरडया." त्यांनी मूठ उघडून चुरा दाखवला. "आपल्याकळचं ऊन म्हंजे पहिली भट्टी. तुमचं अर्धं काम थ्यानं करून ठेवलं. श्रावणात हे असं नाही भेटत. संत्रा सुरू झाला का मंग तं इचारूच नोका."

मग त्यांनी कपाटातून वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "बारा मयन्याचं हाय यात. पाहून घ्या. नाव-गाव टाकू नोका माहं, नुसतं पाहून घ्या."

मी त्या वहीकडे पाहिलं. ती उघडली असती तर पहिल्याच पानावर मला कळलं असतं. मला कळलेलंच होतं. माझ्या प्रबंधात पाण्यावर एक आख्खं प्रकरण आहे. पण मी जे तीन वर्षं शोधून काढलं ते एका बादलीत आणि एका साबणाच्या डबीत आधीच होतं, हे मला त्या दिवशी सोसलं नाही.

"मामा, नमुने पद्धतीप्रमाणे घेतलेत," मी म्हणालो.

"पद्धत बरोबर हाय," मामा म्हणाले. "मयना चुकला." आणि वही उचलून परत कपाटात ठेवली.

बैठक श्रावणात झाली. महापालिकेच्या सभागृहात अधिकारी, आमचे विभागप्रमुख आणि समितीवर घेतलेले अकोल्याचे एक निवृत्त अभियंता. मामा मागच्या भिंतीशी नमुन्यांच्या पिशव्या घेऊन बसले होते. मी बोललो, चांगलं बोललो. अकोल्याचे अभियंता शेवटपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "आजच्या गाडीतला कचरा मिळेल का जरा?"

खाली अंगणातच गाडी उभी होती. बादली आली. अभियंत्यांनी मागे पाहिलं. "मामा, तुम्हीच या." त्या दोघांची जुनी ओळख होती, हे मला तेव्हा समजलं. मामांनी मूठ भरली आणि पिळली. सभागृहाच्या गुळगुळीत फरशीवर काळसर पाण्याची धार पडली. थेंब नव्हे, धार.

"हे पेटवायला किती डिझेल लागेल?" अभियंत्यांनी मला विचारलं. आणि मग, "हे अहवालातले नमुने कधीचे? कोणी आणले?"

मी तोंड उघडलं. मी खरंच उघडलं होतं. काय बोललो असतो ते मला आजही ठाऊक नाही. मागून आवाज आला.

"मी आणले सायेब. मे मयन्यात आणले. सरायले तारीख सांगायची रायली. चूक माही हाय."

मामांची मूठ अजून ओलीच होती. विभागप्रमुख म्हणाले, "या लोकांवर विसंबून राहिलं की असं होतं." मी समोरच्या अहवालाच्या पानाकडे बघत राहिलो. त्यावर माझं नाव होतं. अभियंत्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, पण पुढे काही विचारलं नाही.

अहवाल परत आला, मी दुरुस्त केला. आधी ओला-सुका वेगळा करा, ओल्याचं खत करा, सुकं उरेल तेवढंच जाळा किंवा भाजा, असं लिहिलं. थोडक्यात, रोडग्याच्या दिवशी मामा सांगायचे तेच. अहवालाची वाखाणणी झाली, मी पक्का झालो. मामांना खुलासा मागणारं पत्र आलं. वही चौकशीसाठी जमा करावी लागली आणि दोन महिन्यांनी लेखी समज देऊन परत मिळाली. समज दिल्याचा कागद मामांनी चौघडी करून वजनकाट्याच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला. "कामात आला," म्हणाले. तो तिथं वर्षानुवर्षं होता. मी त्या टेबलाजवळून जाताना खाली बघत नसे.

बैठकीच्या दिवशी जिना उतरताना मी त्यांना गाठलं होतं. "मामा, तुम्ही असं का केलंत?"

"काहून म्हंजे? तुमची नोकरी कच्ची. माही कोन काढते? भांडे धुवायले दुसरं कोन हाय त्यायच्याकळं?"

तेव्हा वर जाऊन खरं सांगता आलं असतं. चौदा-पंधरा पायऱ्या होत्या. मी गेलो नाही. कृतज्ञता वाटली असती तरी माणूस म्हणून काही बरं होतं. मला वाटला तो राग. नाक त्यांचं, हात त्यांचे, पोरं त्यांची. उभ्या आयुष्यात माझी म्हणावी अशी एक चूक होती. तीही त्यांनी नेली.

त्यानंतर दुपारी ते स्टूल घेऊन यायचे, "सर, वाचा काही." मी म्हणायचो, "आज काम आहे मामा." ते मान हलवून जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. पुढे आठवड्यातून एकदा. पुढे कधीमधी. मग ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात मी छापील भाषण वाचलं, त्यात 'निष्ठा' हा शब्द तीनदा होता. वही ते घरी घेऊन गेले. ती भांडारात जमा करा असं कुणी म्हटलं नाही.

या जानेवारीत ते गेले. निरोप आला तेव्हा मी वर्गात होतो. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गावी गेलो. अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं, बुद्धवंदना चाललेली, फोटोतले मामा मान जराशी वर करून, जणू काही हुंगत असलेले. त्यांच्या मुलाला मी जरा वेळानं विचारलं, "मामांची एक वही होती. कापडी पाठीची."

"थे प्रणालीताईकडं हाय सर. बाबानंच देल्ली. अकोल्याले."

प्रणाली माझी विद्यार्थिनी. अकोल्याजवळ तिच्या घरचा भाजीपाल्याचा मळा. आता अकोल्याच्या तंत्रनिकेतनात शिकवते. रोडग्याच्या वेळी 'कोळसा!' ओरडणारी तीच. आठ दिवस मी स्वतःला समजावत राहिलो की वही कुणाकडे आहे याला महत्त्व नाही. नवव्या दिवशी अकोल्याची एसटी पकडली.

प्रणालीनं चहा मागवला. वही टेबलावरच होती, प्लास्टिकचं वेष्टण घालून.

"निवृत्तीनंतर मामा दर महिन्याला पातूरहून यायचे सर. इथल्या डेपोवर मला घेऊन जायचे. पाच वर्षं." ती हसली. "माझ्या आईला वाटायचं, पोरगी एवढी शिकली आणि कचरा पिळत फिरते. मामांनी घरी येऊन आईला सांगितलं, 'बाई, तुमी बी मेथी पिळून पाहता का नाही? थेच हाय.'"

मी हसलो. पाच वर्षं, दर महिना. मी मनात गुणाकार केला आणि तो मला आवडला नाही.

"इथल्या पालिकेनं टिपण मागितलंय," ती म्हणाली. "जाळण्याचा कारखाना हवा की नको. मामांची अमरावतीतली सगळी वर्षं आणि आमची पाच, एवढं जोडून दिलं तर कोणी वाद घालू शकणार नाही, असं वाटलं होतं. पण आता वहीच बाजूला ठेवायची म्हणतायत."

"का?"

तिनं खूण घातलेलं पान उघडलं. ते त्या मे महिन्याचं पान होतं. दोन रकान्यांत आकडे, आणि वासाच्या रकान्यात मामांच्या गोल अक्षरात: 'अहवालाचे नमुने चुकीचे. मी आणले. चूक माझी.'

"आमच्या समितीतले म्हणतात, ज्या माणसानं स्वतः कबूल केलंय की नमुने चुकीचे घेतले, त्याच्या बाकीच्या नोंदींवर विश्वास कसा ठेवायचा? वर जुनं समजपत्रही शोधून काढलंय कोणीतरी. सोमवारी टिपण द्यायचंय. मामांची वही ग्राह्य धरता येत नाही, असं मलाच लिहावं लागणार." तिनं पानावरून हात फिरवला. "मला खरं वाटत नाही सर. मामा महिना चुकतील? पण अक्षर त्यांचंच आहे."

चौकशीसाठी वही जमा करायच्या आधी त्यांनी ते लिहिलं असणार. तोंडानं एक बोललो आणि वहीत दुसरं दिसलं तर सर उघडे पडतील, म्हणून. आख्ख्या वहीतली एकच खोटी नोंद, आणि तिनं बाकीची सगळी बुडत होती.

मी लगेच बोललो असं लिहायला मला आवडलं असतं. चहा येईपर्यंत मी गप्प होतो. तेवढ्या वेळात मनात काय येऊन गेलं तेही लिहितो. वही बाद झाली तर मामाही माझ्यासारखेच चुकणारे ठरतात, असं येऊन गेलं. आणि क्षणभर बरं वाटलं. मग चहा आला.

"ते नमुने मी आणले होते," मी म्हणालो.

प्रणालीनं कप खाली ठेवला.

"मामा त्या वेळी लग्नाला गेले होते. परत आल्यावर त्यांनी मला सांगितलं की हा महिना चुकीचा आहे. ही वही समोर ठेवली. मी उघडली नाही. बैठकीत त्यांनी स्वतःवर घेतलं आणि मी बोललो नाही."

तिनं ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग तिनं विचारलं, "उघडली का नाही सर?"

"हेवा," मी म्हणालो. दुसरा शब्द शोधत बसलो नाही.

तिनं वही माझ्याकडे वळवली. पेन काढून माझ्यासमोर ठेवलं. "इथंच लिहा. त्यांच्या खाली. सही करा, आजची तारीख टाका. आणि एक पत्र वेगळं द्या, तुमच्या पदासकट. समितीत वाचावं लागेल. अमरावतीलाही जाईल ते."

"जाऊ दे."

मी लिहिलं. रकाना अरुंद होता, माझं अक्षर लांबट आहे, ते समासात घुसलं. 'हे नमुने मी आणले होते. मामांनी आधीच सावध केलं होतं. वरील नोंद माझ्यासाठी केलेली आहे, ती खरी नाही.' सही केली.

शाई वाळेपर्यंत प्रणालीनं वही उघडीच ठेवली. मग म्हणाली, "खरं सांगू का सर, मला तुमचा राग यायचा. काहीही विचारलं की मामा म्हणायचे, 'हे सराले इचार, थ्यायनं वाचेल हाय.' मी म्हणायची, मामा, तुम्ही सांगा ना. तर म्हणायचे, 'मले वास येते. काहून येते, थे सराले माईत.'" तिनं वही उलटी केली आणि मागच्या बाजूनं उघडली. "हे तुम्ही पाहिलं नसेल."

मागून पंधरा-वीस पानं भरलेली होती. वर तारीख, खाली 'सरांनी वाचलं', आणि मग मी दुपारी सांगितलेलं जवळजवळ शब्दशः. थंड देशांच्या भट्ट्या. राखेतला शिसाचा अंश. धूर गाळायच्या कापडी पिशव्या. कुठे कुठे समासात, 'आपल्याकडचं नाही.' मी वाचत गेलो. मग एका तारखेपासून नोंदी आखूड झाल्या.

'सर आज कामात.'

पुढची तारीख. 'सर आज कामात.'

पुढची. पानभर तेच, एकाखाली एक, त्याच गोल अक्षरात, जशा बाकीच्या नोंदी. कुणीच त्यांना बंद करा म्हटलं नव्हतं.

मी वही मिटली. मग विचारलं, "दोन दिवस नेऊ का? परत आणून देतो."

"नाही सर," प्रणाली म्हणाली. "वही इथंच राहील."

बरोबर होतं ते. मी पत्र लिहून दिलं आणि उठलो.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. मूर्तिजापूर सोडल्यावर एका वावरातून धूर रस्त्यावर येत होता. मी मान जराशी वर केली, डोळे मिटले आणि ओळखायचा प्रयत्न केला. लाकूड वाटलं. मग गवत वाटलं. मग काहीच वाटलं नाही, नुसता धूर.

शेजारी मांडीवर टोपलं घेतलेली एक म्हातारी बसली होती. तिनं पदरानं नाक झाकलं आणि आपल्याशीच बोलावं तसं म्हणाली, "पऱ्हाटी हाय. ओलीच पेटवली मेल्यानं."

मी डोळे उघडून पाहिलं. वावरात कापसाच्या पऱ्हाटीचाच ढीग होता, हिरवा, फसफसत होता, वर पांढरा धूर.

मला तिचा हेवा वाटला.